प्रत्येक पोटदुखी गॅसची नसते

(दिग्रस येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण घरात एक आजार आला आणि त्याच्याबद्दल शिकावं लागलं. जे शिकलो ते सांगतो.

माझा चुलतभाऊ चोवीस वर्षांचा असताना त्याचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर, थेट पाठीत जाणारी कळ. पुढे वाकून बसलं की जरा आराम. घरात सगळे म्हणाले, गॅस आहे. सोडा, ओवा, मेडिकलवरची गोळी, असं दीड वर्ष गेलं. वजन बारा किलोनं उतरलं. शेवटी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन झालं तेव्हा कळलं, स्वादुपिंडाला जुनाट सूज आहे.

स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियाज, उर्दूत लबलबा. जठराच्या मागे आडवा पडलेला, सुमारे 15 सेंटिमीटर लांबीचा अवयव. त्याची कामं दोन. पहिलं, रोज एक लिटरच्या आसपास पाचक रस आतड्यात सोडणं. याच रसातून चरबी, प्रथिनं आणि पिठूळ पदार्थ पचतात. दुसरं, रक्तातली साखर सांभाळणं. साखर वाढली की इन्सुलिन, कमी झाली की ग्लुकागॉन. अवयव बराचसा खराब झाला की दोन्ही कामं कोलमडतात. चरबी पचत नाही, म्हणून शौचाला तेलकट, चिकट, फार घाण वासाची होते. खाऊनही माणूस वाळतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, हाडं कमजोर होतात. आणि मधुमेह होतो, तोही अवघड. इन्सुलिनसोबत ग्लुकागॉनही घटलेलं असतं, म्हणून साखर जशी चढते तशी एकदम घसरतेही.

कारणं कोणती? अचानक येणाऱ्या सुजेची मोठी कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. जुनाट सुजेत दारू आणि सिगारेट-बिडी. आपल्याकडे चौकाचौकात घोटला जाणारा खर्रा तर तोंडाच्या कॅन्सरसाठी बदनाम आहेच, पण तंबाखू चघळण्याचा संबंध स्वादुपिंडाच्या कॅन्सरशीही सिद्ध झालेला आहे. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे तुम्हाला आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांच्या विषबाधेत स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. म्हणून फवारणीनंतर त्रास झाला तर दवाखान्यात औषधाचा डबा सोबत न्या.

आणि भारतात अनेक तरुण रुग्णांत कारण सापडतच नाही. माझा भाऊ त्यातलाच. त्यानं दारूला कधी हात लावला नाही. पण मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, "पीत असेल." त्या शरमेनं तो आजार लपवू लागला. ही कुजबुज आपणच करतो, दोस्तांनो. आणि जो खरंच पितो, त्यानंही डॉक्टरला खरं सांगितलंच पाहिजे. आपण तोंड वासून न्याय करत बसलो, तर तो सांगणार कसा?

डॉक्टरांनी जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या. तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की त्या डुकरापासून बनतात. भावानं कोणाला न विचारता त्या बंद केल्या. दोन महिन्यांत तो पुन्हा काडी झाला. माहिती खोटी नव्हती. या कॅप्सूल बहुतेक डुकराच्या स्वादुपिंडापासूनच बनतात. पण सूरह बकराच्या 173 व्या आयतीत मजबुरीत सापडलेल्याला सवलत आहे. आम्ही आधी डॉक्टरांना विचारलं, दुसरा पर्याय आहे का. मग एका आलिमांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "दुसरं काही चालत नाही ना? मग घे, बेटा." इन्सुलिनबद्दल ही शंका आज ठेवू नका. आता मिळणारं ह्यूमन इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतात.

रोज्याचंही तसंच. इन्सुलिन घेणाऱ्यानं रमजानच्या एक-दोन महिने आधी डॉक्टरला भेटावं. रोज्यात साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा सोडावा. आजाऱ्याला सवलत त्याच सूरहमध्ये, 184 आणि 185 व्या आयतीत आहे. घरच्यांनी "एवढ्यानं काय होतं" म्हणू नये.

शेवटी एवढंच. वरच्या पोटात पाठीकडे जाणारी कळ, सोबत उलट्या, तर लगेच दवाखाना. तेलकट शौचाला, उतरणारं वजन, तरुणपणी वाढलेली साखर, तर तपासणी. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा. कागद भरायला कोणी नसेल तर आपल्यापैकी एकानं सोबत जावं.

भाऊ आज कामावर जातो. इन्सुलिन घेतो, कॅप्सूल घेतो. पण दीड वर्ष आम्ही गॅस म्हणत बसलो, ते वर्ष काही परत येत नाही. तुमच्या घरात कोणी असं पोट धरून बसत असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला विचारा.