भाषा की आंतरराष्ट्रीय संबंध?

बारावी झालेली मुलगी विचारते, ‘पदवीला भाषा घेऊ की आंतरराष्ट्रीय संबंध?’ घरचे ठरवून मोकळे होतात: ‘भाषा घे, लग्नानंतर घरबसल्या शिकवण्या घेशील. राजकारण पुरुषांचं!’ ही वाटणी आपण नाकारली पाहिजे.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे ‘सर्व माणसं’ आली. हा लढा भाषेचा की राजकारणाचा? दोन्हींचा.

म्हणून मुलीला सांगू या: मन रमेल तो विषय घे, दुसऱ्याची साथ सोडू नकोस. भाषा घेतलीस तर जगाचे करार वाच. संबंध घेतलेस तर एक परकी भाषा शीक. निवड मात्र तुझी हवी, लग्नाच्या हिशेबाची नको.