मोसमकाठी आपले स्वागत



विषय शहरातल्या खचलेल्या वस्तीचा आणि तिथल्या शाळेचा, अन् परिषद नामपूरला, कांद्याच्या लिलावाच्या शेडमध्ये! हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते विचारू नका. आमंत्रण मात्र आम्हीच भांडून मिळवलं.

नामपूर ज्या मोसम नदीच्या काठी आहे, तिच्याच वरच्या अंगाला मुल्हेर आहे. तिथं बागुल राजांच्या दरबारात रुद्रकवीनं 1596 साली ‘राष्ट्रौढवंश’ हे वीस सर्गांचं संस्कृत महाकाव्य रचलं. ते छापलं बडोद्यानं, 1917 साली. साल्हेरची लढाई आमच्या पोरांना तोंडपाठ, देवमामलेदारांची यात्रा कोणी चुकवत नाही. रुद्रकवी मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. आमच्या कसमादे पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत त्याच्या नावाचं निदान एक कपाट असावं, हे मी दरवर्षी बोलतो. आज माईक हातात आहे, म्हणून पुन्हा बोललो.

मुंबईच्या गिरणगावानं आपला कवी असा हरवू दिला नाही. नारायण सुर्वे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग तिथंच मास्तर झाले. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं 1911 पासून कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. त्याच संस्थेच्या परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणीतली माणसं पाळी संपवून तोंडाला रंग लावत. 1982 च्या संपानंतर भोंगे थांबले. 2023 मध्ये पुनर्विकासासाठी नाट्यगृहही बंद झालं, तेव्हा कलावंतांनी आवाज उठवला. शाळा आणि रंगमंच एका भिंतीला लागूनच हवेत, असं माझं मत. बाकीचं विद्वान बोलतील.

आता व्यवस्थेबद्दल. खुर्च्यांखाली टरफलं दिसतील. काल दोनदा झाडलं, पण वारा आमचं ऐकत नाही. वासाबद्दल क्षमस्व, तो आमच्या पोटापाण्याचा आहे. उतरायची सोय घराघरांत केली आहे. गरम पाणी कमी पडलं तर यजमानांवर रागवू नका, मला धरा. लिलाव बंद ठेवणारे आडते, मंडपासाठी रात्र जागवलेले हमाल-मापारी, भाकरी थापणाऱ्या बचतगटाच्या ताया, भरताची वांगी पाठवणारे शेतकरी, या सगळ्यांचे आभार. ज्यांनी देणगी कबूल केली पण अजून दिली नाही, त्यांचेही आगाऊ आभार. खजिनदार दाराशीच बसले आहेत.