कामगाराचा मालक कोण?

(ज्युबिली समारंभांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या व्याख्यानासाठीं देवळाचा इतिहास, शाळेची वाढ, वडीलधाऱ्यांचीं पुण्यकृत्यें असे विषय निवडण्याचा परिपाठ आहे. तो सोडून परदेशी कंपन्यांचा माल बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचा विषय आम्हीं घेतला, ह्याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु खोपट हें कांहीं निवांत खेडें नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, तेव्हां त्याची पहिली वसाहत ह्या बाजूच्या वागळे इस्टेटींत उभी राहिली. पाळी, हजेरी, ओव्हरटाईम आणि टाळेबंदी हे शब्द ह्या वस्तींतील मुलें पाटीवरच्या अक्षरांइतक्याच लवकर शिकलीं. तेव्हां हा विषय परका मानण्याचें कारण नाहीं.

ह्या सभेंत बसलेल्या बहुतेकांच्या खिशांत वा पिशवींत एक मोबाईल फोन आहे. त्याच्या डब्यावर एका कंपनीचें नांव असतें. ज्या कारखान्यांत तो जुळविला गेला, त्याच्या फाटकावर दुसऱ्याच कंपनीचें नांव असतें. आणि ज्या मुलीनें त्याचे स्क्रू बसविले, तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर पुष्कळदां तिसऱ्याच कोणा कंत्राटदाराचें नांव असतें. पगार बुडाला, जेवणांत विष निघालें, किंवा पाळी आठ तासांची बारा तासांची झाली, तर तिनें कोणाच्या दारांत जाऊन उभें राहावें? तिचा खरा मालक कोण, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

ठाण्यास हा प्रश्न नवा नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ सालीं ह्याच ठाण्यांत जन्मले. गिरणींत भांडारपालाची नोकरी करतांना त्यांनीं मजुरांचे हाल पाहिले, आणि १८८४ सालीं बाँबे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. त्या वर्षीं सुमारें ५,५०० मजुरांच्या सह्यांचा जो अर्ज सरकारी चौकशी समितीपुढें गेला, त्यांतील मागण्या आज वाचल्या तर मन थबकतें: आठवड्यास एक दिवस विश्रांति, दुपारीं अर्धा तास सुटी, कामाच्या वेळेस मर्यादा, इजा झालेल्यास भरपाई, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. १८९० च्या १० जूनपासून गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली. रविवारीं आपण निर्वेधपणें देवळांत येतों. त्या मोकळ्या दिवसासाठीं ठाण्यांत जन्मलेला, सत्यशोधक समाजाचा, म्हणजे आपल्या पंथाबाहेरचा एक गृहस्थ झिजला, ही गोष्ट आपल्या मुलांस प्रश्नोत्तरीबरोबरच शिकवावी असें आम्हांस वाटतें.

त्या काळची आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेव्हां स्वस्त मजुरीचा दूरदेशचा कारखाना म्हणजे मुंबईची गिरणी होती. विलायतेंत बसून ‘तिकडे मुलांना किती तास राबवितात’ अशी विचारपूस होई ती आपल्याविषयीं. १८८१ व १८९१ चे फॅक्टरी कायदे व्हावेत म्हणून लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं मोठा आग्रह धरला. त्यांत भूतदया किती आणि मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती किती, हें तोलून पाहणें कठीण आहे. मुंबईचे गिरणीमालक हेंच बोट दाखवून कायद्यास विरोध करीत. परंतु सात वर्षांखालचें जें मूल १८८१ च्या कायद्यानें यंत्रापासून दूर झालें, त्याला मँचेस्टरच्या हेतूशीं काय कर्तव्य? सांगणाराचा हेतु शुद्ध नाहीं म्हणून सांगितलेलें खोटें ठरत नाहीं. मात्र परदेशच्या दयेवर विसंबून राहाणाऱ्याचें पोट भरत नाहीं, हेंही तितकेंच खरें. पंधरा तारखेची मागणी मँचेस्टरहून आली नाहीं. ती सही वा अंगठा करणाऱ्या मजुरांकडून आली.

पुढें सूत गेलें व विद्युत्-यंत्रें आलीं. १९७३ सालीं अंधेरीस मरोळजवळ सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यातक्षेत्र, म्हणजे आपण ज्याला सीप्झ म्हणतों तें, सुरू झालें. त्याच्या कुंपणाच्या आंत सोळाव्या शतकांत बांधलेल्या संत योहान बाप्तिस्ताच्या देवळाचे भग्नावशेष उभे आहेत. एकोणिसाव्या शतकांत रोगाची सांथ आल्यावर तेथील लोक मरोळास गेले व देऊळ ओसाड पडलें. वर्षांतून एकदां, मे महिन्यांत, तेथें मिस्साबलिदान अर्पण करण्याची परंपरा आहे. आमच्या माहितींतल्या कित्येक कुटुंबांना हा वार्षिक मिस्सा ठाऊक असतो, परंतु त्या पडक्या भिंतींच्या आसपास कोणतें काम चाललें, हें ठाऊक नसतें.

तेथें परदेशीं जाणारा माल बने. अमेरिकेंतील टँडन कंपनीनें आय. बी. एम्. च्या १९८१ च्या सुप्रसिद्ध संगणकास फ्लॉपी चकत्या फिरविणारीं यंत्रें पुरविलीं. त्याच समूहाचा कारखाना सीप्झमध्यें होता. अशा कारखान्यांत घेतल्या जात त्या मुख्यत्वें तरुण मुली. बायकांचीं बोटें चपळ आणि स्वभाव सोशिक, असें कारण त्या काळीं जगभर सांगितलें जाई. बोटांचें आम्हांस मान्य आहे; सोशिकपणास मात्र गुण म्हणावें कीं गरज, ह्याचा विचार सांगणारानें केला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखालीं केसाएवढी तार जोडतांना डोळ्यांवर काय ताण पडतो, हें ह्या सभेंतील ज्या भगिनींनीं तसलें काम केलें असेल त्यांना विचारावें. अशा निर्यातक्षेत्रांतील कारखान्यांस ‘लोकोपयोगी सेवा’ ठरविण्याचाही प्रघात पडला. त्यामुळें आगाऊ नोटीस दिल्यावांचून संप करणें बेकायदा झालें. रुग्णालय वा पाणीपुरवठा लोकोपयोगी आहे हें कळतें. परक्या देशाच्या संगणकाचा सुटा भाग आपल्या लोकांस तसाच अत्यावश्यक कसा, हें कोडें आम्हांस अजून सुटलेलें नाहीं.

आतां अलीकडची हकीकत. कर्नाटकांत कोलार जिल्ह्यांत नरसापुर येथें विस्ट्रॉन नांवाची तैवानी कंपनी अमेरिकेच्या ॲपल कंपनीचे फोन जुळवीत असे. थोड्याच काळांत तेथील मनुष्यबळ सुमारें ५,००० वरून १०,५०० वर गेलें, आठ तासांच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या, आणि हजेरी व पगाराचा हिशेब विसकटला. १२ डिसेंबर २०२० रोजीं पहाटे कामगारांचा संताप अनावर झाला व कारखान्याची मोठी नासधूस झाली. तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु सरकारी तपासणींत हजेरीची व्यवस्था सदोष आढळली, आणि कांहीं कामगारांस पगार नीट अथवा वेळेवर मिळाला नव्हता हें कंपनीनेंही कबूल करून क्षमा मागितली. ॲपलनें तिला नवीं कामें देणें थांबविलें. पुढें २०२३ सालीं तो कारखाना टाटांनीं घेतला. १८८४ च्या अर्जांतील पगाराची मागणी आणि २०२० मधील हें गाऱ्हाणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहा; मध्यें १३६ वर्षें गेलीं आहेत.

ह्याहून आम्हांस अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट तामिळनाडूंत श्रीपेरुंबुदूर येथील आहे. तेथें फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहांत डिसेंबर २०२१ मध्यें अन्नांतून विषबाधा झाली व १५९ जणींस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यानंतर मुलींनीं चेन्नई-बंगळूर हमरस्ता अडविला. तेव्हां जगास कळलें कीं पाळी करून आल्यावर कित्येकींना दाटीवाटीच्या खोल्यांतून जमिनीवर निजावें लागे. वसतिगृहें व भोजनगृहें आपल्या अटींस उतरत नव्हतीं हें ॲपलनें मान्य केलें. आमचा साधा प्रश्न असा: जी कंपनी फोनच्या कांचेवरील केसाएवढी चीर हजारों कोसांवरून पकडते, तिच्या दृष्टीस मुलींच्या निजण्याची जागा रस्ता अडविण्याआधीं कां पडली नाहीं? उत्तर असें कीं कांच तिच्या हिशेबांत होती, आणि जागा कंत्राटदाराच्या. जून २०२४ मध्यें रॉयटर वृत्तसंस्थेनें आणखी असें प्रसिद्ध केलें कीं तेथें जुळणीच्या कामावर विवाहित स्त्रियांस घेण्याचें टाळलें जात होतें. कंपनीनें आरोप नाकारला; केंद्र सरकारनें राज्याकडून अहवाल मागविला. त्याआधीं, २०१० सालीं, चीनमध्यें ह्याच फॉक्सकॉनच्या कारखान्यांतील दहाहून अधिक तरुण कामगारांनीं आपला जीव दिला, तेव्हां इमारतींभोंवतीं जाळीं लावण्यांत आलीं. जाळीं लावणें अवश्य होतें असें समजूं. पण जाळें हें पाळीचें उत्तर नव्हे.

कायदाही ह्या साखळीबाहेर राहात नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें कर्नाटकानें बारा तासांच्या पाळीस मोकळीक दिली. तामिळनाडूनें एप्रिलांत तसेंच विधेयक संमत केलें व विरोध होतांच मागें घेतलें. आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२५ मध्यें कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा करण्यास मान्यता दिली. कामगाराची संमति घ्यावी, आठवड्याची मर्यादा पाळावी, अशा अटी आहेत खऱ्या. पण ज्याच्या घरीं भाडें थकलें आहे त्याची संमति मिळविण्यास मुकादमाला किती वेळ लागतो, हें ठाण्याच्या लोकांस समजावून सांगणें नलगे. २०२२ सालीं तळेगांवचा म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातेकडे गेल्याचें कळलें तेव्हां आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! (पुढच्याच वर्षीं फॉक्सकॉन त्यांतून बाहेर पडली.) कारखाना कोणत्या राज्याचा ह्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्यांत पाळी किती तासांची, रोजगार कायमचा कीं कंत्राटी, हें विचारलेलें आमच्या तरी वाचनांत आलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोव्हारुम’ हें पत्र लिहिलें, त्या वर्षींच येथें दुसरा फॅक्टरी कायदा झाला. मजुरी केवळ कराराची बाब नसून ती काटकसरी मजुराच्या चरितार्थास पुरेशी असावी, हें त्यांचें मत आपणांस परिचित आहे. परंतु आमच्या प्रश्नाचें उत्तर पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ ह्या पत्रांत आहे. त्यांनीं मालकांचे दोन प्रकार मानले: प्रत्यक्ष मालक व अप्रत्यक्ष मालक. ज्याच्याशीं कामगाराचा करार होतो तो प्रत्यक्ष. परंतु ज्यांच्या निर्णयांमुळें त्या कराराच्या अटी आधींच ठरून जातात, ते सर्व अप्रत्यक्ष मालक. त्यांत राज्यसंस्था येते आणि देशोदेशीं पसरलेल्या कंपन्याही येतात. हा भेद नीट समजला कीं फाटकावरच्या व डब्यावरच्या नांवांचा घोळ संपतो. एका फोनच्या जुळणीस किती पैसे आणि किती दिवस द्यावयाचे हें जो ठरवितो, त्यानेंच बारा तासांची पाळी अर्धीअधिक ठरविलेली असते. किंमत व मुदत आपण ठरवावयाची, आणि त्यांतून जें निपजेल त्याचा दोष तैवानी पुरवठादारावर, त्यानें तो कंत्राटदारावर, त्यानें मुकादमावर टाकावयाचा, ही रीत सोयीची आहे, न्यायाची नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, ह्या नोकऱ्या नसत्या तर त्या मुलींनीं काय केलें असतें? आक्षेप खरा आहे. शेतावर बिनपगारी राबणारी मुलगी प्रथमच स्वतःच्या हातीं पगार घेते, घरीं पैसे धाडते, लग्न दोन वर्षें पुढें ढकलते, ह्याची किंमत आम्ही जाणतों. म्हणून फोनवर बहिष्कार घाला असें आम्ही म्हणत नाहीं. तसा उपदेश करणाराच्या खिशांत काय असतें तेंही पाहावें लागेल. ऑर्डर रद्द झाली कीं पहिली घरीं जाते ती कंत्राटी मुलगीच. नोकरी हवी म्हणून तिच्या अटींविषयीं बोलूं नये, हें मात्र लोखंड्यांच्या गांवच्या लोकांनीं ऐकून घेऊं नये. श्रीपेरुंबुदूर येथेंच सॅमसंगच्या कामगारांनीं २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत महिन्याहून अधिक काळ संप केला. त्यांत आपली संघटना मान्य व्हावी ही मागणी पुढें होती. जानेवारी २०२५ मध्यें ती संघटना नोंदली गेली. परदेशच्या कंपनीचे तपासनीस वर्षांतून एकदां येतात. संघटना रोज पाळीवर हजर असते.

राहिली आपली गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या कंपनीस अप्रत्यक्ष मालक म्हणणें सोपें आहे. ती आपल्या सभेस येत नाहीं. पण ह्या सभेंत कामगार आहेत तसे सुपरवायझर आहेत, भरती करणारे आहेत, सुरक्षारक्षक व सफाईचे कामगार पुरविणारे आहेत. इमारतींच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी तर रांगेनें बसले आहेत. सर्वांत कमी दराचें टेंडर मान्य करून आपण पहारेकऱ्याची बारा तासांची पाळी मान्य करतों. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें, तो ज्यांना लागू होता त्यांच्यापुरतें, हें तत्त्व स्पष्ट मांडलें होतें: कंत्राटदारानें पगार दिला नाहीं तर मूळ मालकानें द्यावा व मग कंत्राटदाराकडून वसूल करावा. आपल्या सोसायटीस कायदा लागू असो वा नसो, तत्त्व लागू आहे.

आणि आपलें हें देऊळही त्यांतून सुटत नाहीं. ज्युबिलीनिमित्त रंगकाम झालें, मंडप पडला, रोषणाई झाली. हीं कामें आपण कंत्राटानें दिलीं. शिडीवर चढलेल्या माणसांचीं नांवें आपल्या हिशेबाच्या वहींत नाहींत, कंत्राटदाराचें एकट्याचें आहे. म्हणून धर्मग्रामाच्या समितीपुढें आम्ही एक लहानशी सूचना ठेवितों: शेवटचें बिल चुकतें करण्यापूर्वीं कंत्राटदाराकडून त्याचा हजेरीपट मागवावा, आणि समितीच्या दोघां सभासदांनीं त्या माणसांस भेटून पगार पोंचला कीं नाहीं हें विचारून घ्यावें. ह्यास दोन संध्याकाळीं लागतील. समितीची पुढील बैठक होण्याआधीं हें काम अंगावर घेण्यास कोण तयार आहेत, त्यांनीं सभा संपल्यावर आम्हांस भेटावें.