न्यू ट्रियर: एक उपनगरी शाळा-जिल्हा

शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराकाठच्या विनेट्का, विल्मेट, ग्लेनको आदी उपनगरांसाठी न्यू ट्रियर हा सार्वजनिक शाळा-जिल्हा आहे. येथे जिल्हा म्हणजे महसुली विभाग नव्हे, तर केवळ नववी ते बारावीच्या विनाशुल्क शिक्षणासाठी कर आकारणारी स्वतंत्र स्थानिक संस्था, जिचा कारभार मतदारांनी निवडलेले सात बिनपगारी सदस्य पाहतात. या जिल्ह्याची शाळा 1901 मध्ये विनेट्का येथे सुरू झाली. नववीचे वर्ग आज नॉर्थफील्डच्या संकुलात भरतात.

हजारो विद्यार्थ्यांच्या या शाळेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे 1928 पासूनची सल्लागार-पद्धती, जिच्यात एकेका शिक्षकाकडे एकाच इयत्तेतील मुलांचा छोटा गट सोपवला जातो आणि अभ्यास, विषयनिवड, घरच्या अडचणी अशा साऱ्या बाबींवर तो त्यांच्याशी रोज सकाळी बोलतो. एवढ्या मोठ्या शाळेत प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारे माणूस असावे, ही व्यवस्था निःसंशय अनुकरणीय आहे.

मात्र खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ताकरातून येत असल्याने घरे महाग तेथे शाळा संपन्न, हे समीकरण अटळ ठरते. अमेरिकी लेखक जोनाथन कोझोल यांनी 1991 च्या आपल्या पुस्तकात शिकागोतील गरीब शाळांशी न्यू ट्रियरची तुलना करून याच अन्यायावर बोट ठेवले.