अमानत आणि फॉर्म क्रमांक सात



मला दिलेला विषय होता 'अवयवदान : काळाची गरज'. अशा नावाच्या भाषणात काय असतं ते तुम्हाला पाठ आहे. आधी आकडे, मग एखादी डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट, शेवटी उभं राहून शपथ. शपथ मी देणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी फॉर्म भरला, तेव्हा माझ्या डोक्यात आणि घरात जे प्रश्न उभे राहिले तेवढेच सांगते. तुमच्या घरातही तेच येतील.

आधी एक गोंधळ दूर करू. अवयवदान, नेत्रदान आणि देहदान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. देहदानात पूर्ण शरीर मेडिकल कॉलेजला जातं, म्हणजे दफन होत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या मनात भीती असते ती याची, आणि ती चिकटवली जाते अवयवदानाला. नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यायला हवेत, ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा घेतात, चेहरा विद्रूप होत नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसं यांचं तसं नाही. माणूस ब्रेन डेड झाला आणि व्हेंटिलेटरवर हृदय अजून चालू असलं, तरच हे अवयव बहुतेक वेळा उपयोगी पडतात. असं होतं ते मुख्यतः डोक्याला मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन. म्हणजे फॉर्म भरणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांवर ती वेळ येणारही नाही. (हेल्मेट न घालता बाइक उडवणारे माझे भाऊ इथं बसलेत, त्यांनी तरी वाक्य नीट ऐकावं.)

आता दीनचा प्रश्न. 'इस्लाममध्ये अवयवदान चालतं' असं एका वाक्यात सांगून मोकळं होणारे वक्ते मला पटत नाहीत. उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी याला विरोध केला, आणि आपल्या उपखंडातले अनेक मुफ्ती आजही त्याच बाजूचे आहेत. त्यांचा आधार साधा आहे. शरीर ही अल्लाहची अमानत, आपण मालक नाही. शिवाय मय्यतीचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखं आहे, अशा अर्थाची हदीस आहे. दुसऱ्या बाजूला, जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत मेंदूचं काम कायमचं थांबणं हा मृत्यू मानला, आणि १९८८ मध्ये मृताची किंवा त्याच्या वारसांची परवानगी असेल तर अवयव देता येतो असा ठराव केला. अट एक : विक्री नाही. सूरह अल-मायदाच्या ३२व्या आयतीत एक जीव वाचवण्याला सगळ्या माणसांना वाचवण्याइतकं मोल दिलंय, ते तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात.

सिंगापूरचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. तिथं १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक नागरिक, त्यानं नकार कळवला नसेल तर, दाता धरला. मुस्लिमांना मात्र यातून वगळलं. ऐकायला बरं वाटतं, आपल्या भावना जपल्या! पण जो देण्याच्या यादीत नाही, तो घेण्याच्या यादीत मागे. ज्या मुस्लिमानं स्वतःहून नोंदणी केली नव्हती त्याला मूत्रपिंड लागलं तर त्याचा नंबर उशिरा लागायचा. शेवटी २००७ मध्ये तिथल्या इस्लामी परिषदेनं फतवा दिला आणि २००८ पासून मुस्लिमही कायद्यात आले. आपल्याकडे प्रतीक्षा यादीत धर्माचा रकाना पाहून नंबर लावत नाहीत. कुठल्याही सिव्हिलच्या डायलिसिस वॉर्डात जा, बुरख्यातल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या दिसतील. त्या वाट पाहतात तेव्हा येणारं मूत्रपिंड कुणाचं, हे कुणी विचारत नाही. विचारूही नये. पण मग घेताना हलाल आणि देताना शंका, हा हिशेब मला जमेना.

हमीद दलवाई ३ मे १९७७ ला मूत्रपिंडाच्या विकारानं गेले, ४४ वर्षांचे होते. ब्रेन डेड माणसाचे अवयव घेण्याचा कायदा आपल्या देशात यायला त्यानंतर १७ वर्षं लागली. कराचीचे अब्दुल सत्तार एधी २०१६ मध्ये गेले तेही मूत्रपिंड निकामी होऊन. त्यांना सगळेच अवयव द्यायचे होते, उपयोगी पडले फक्त डोळे. त्यांचा जनाजा मोठ्या इतमामानं निघाला, दफन झालं. कुणी म्हणालं नाही की मय्यत अधुरी आहे.

घरचं सांगते. अम्मी पहिल्यांदा म्हणाली, "अल्ला का दिया हुआ बदन है, तू कोन देनेवाली?" हा प्रश्न अडाणी नाही. मुफ्ती शफींचा तोच प्रश्न आहे, अम्मीनं त्यांचं पुस्तक न वाचता विचारला. मी म्हटलं, अम्मी, अमानत म्हणजे कुलूप लावून ठेवायची की ज्याची गरज आहे त्याच्या कामी लावायची? ती गप्प बसली, पण पटलं नव्हतं. चार दिवसांनी दुसरा प्रश्न आला : कयामतच्या दिवशी उठशील कशी? तेव्हा मी अब्बांचा पाय काढला. शुगरमुळे त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. भाईजाननं तो कफनाच्या कपड्यात गुंडाळून कब्रस्तानात पुरला, आणि सहा वर्षांनी अब्बा दुसऱ्या कोपऱ्यात दफन झाले. अम्मीला त्यांच्या उठण्याची काळजी कधी वाटली नाही. जो मातीतून उठवू शकतो, त्याला सुटे भाग शोधायला अडचण येईल का? यावर ती हसली. सही मात्र तिनं केली नाही. साक्षीदार म्हणून भाईजाननं केली.

तिसरी शंका शेजारच्या खालाची, आणि ती धर्माची नव्हतीच. "गरिबाला मारून किडन्या काढतात." तुम्हीही ऐकलं असेल. किडन्यांचा बाजार या देशात खरोखर होता, म्हणूनच १९९४ चा कायदा झाला. आज अवयवाचा व्यवहार केला तर पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टरांचं पॅनल लागतं, त्यात प्रत्यारोपण करणारा कुणी चालत नाही. तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तास. हे सगळं झाल्यावरही घरचे नाही म्हणाले तर प्रत्यक्षात डॉक्टर पुढं जात नाहीत. अवयव काढण्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही. आणि 'चिरफाड नको' म्हणणाऱ्यांना एकच विचारते : अपघाती मृत्यूत पोस्टमॉर्टेम होतंच ना? त्यातून आलेली मय्यत आपण गुस्ल देऊन, कफन घालून दफन करतोच. अवयव घेतल्यावरही शरीर नीट शिवून परत देतात. उशीर होतो, हे खरं. जनाजा लवकर उठवण्याची आपली रीत आहे आणि इथं बरेच तास जातात. तेवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

मुलींसाठी थोडं वेगळं. नवऱ्याला, भावाला जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त, आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. तेव्हा फतवा कुणी विचारत नाही. 'आई आहे, देणारच.' मृत्यूनंतरचं दान वाढलं तर जिवंत बाईच्या शरीरावरचा हा दबाव थोडा तरी हटेल. माझ्या निर्णयात हे कारण मोठं होतं, धर्माच्या चर्चेहूनही.

फॉर्म क्रमांक सात मागच्या टेबलावर ठेवलाय. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. आधार क्रमांक वापरून ऑनलाइनही नोंदणी होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. मन बदललं तर नोंदणी मागे घेता येते, कारण द्यावं लागत नाही.

पण आज इथं कुणी भरू नका. फॉर्म घरी न्या, जेवायच्या वेळी दस्तरख्वानावर ठेवा आणि काय होतं ते बघा. ती वेळ आली तर आयसीयूच्या बाहेर तुमची अम्मी उभी असेल, तुम्ही नाही. डॉक्टर तिला विचारतील. तिनं हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तर ती नाहीच म्हणेल, आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

आता प्रश्न घेऊ. मुफ्तीसाहेबांचा मुलगा मागे बसलाय, त्याला पहिला माइक द्या.