जाळ्यातला गोळा आणि गटाची वही

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची सभा उत्तनला होती. एका मावशींनी जाळ्यात आलेला पिवळट, भोकाभोकांचा गोळा आणला. म्हणाल्या, "हा कचरा आम्ही नेहमी फेकून देतो." तो कचरा नव्हता, स्पंज होता. भांडी घासायचा नव्हे, समुद्रातला प्राणी! त्याला तोंड नाही, पोट नाही. अंगावरच्या बारीक भोकांतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं अन्न गाळायचं आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा संसार.

पण सगळेच स्पंज असे नसतात. फ्रान्समध्ये ला सियोता गावाजवळ समुद्राखाली एक काळोखी गुहा आहे. तिच्यात थंड पाणी बारा महिने कोंडलेलं असतं, त्यामुळे खोल समुद्रातले जीवही तिथे तग धरतात. तिथल्या एका नव्या स्पंजाचा जाँ वासले आणि निकोल बुरी-एस्नो या बाईंनी अभ्यास केला. त्या स्पंजाला पाणी गाळायची सोयच नव्हती. आकडे असलेल्या धाग्यांनी तो कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव पकडून खात होता! १९९५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि स्पंज म्हणजे काय, याचाच नव्याने विचार करावा लागला.

आपल्या मुंबईतही हेन्री कार्टर या डॉक्टरांनी तलावांतले स्पंज अभ्यासले आणि १८४९ साली काही नव्या जातींची नोंद केली. त्या तलावांवर पाणी भरणाऱ्या बायकांनी ते आधीच पाहिले असतील. पण त्यांचं पाहणं लिहिलं कुणी?

हेच आमच्या मनाला लागलं. "खडकांवरची कालवं कमी झाली," असं आमच्या बायका एका बैठकीत म्हणाल्या, तेव्हा त्यांना विचारलं गेलं, "पुरावा काय?" पुरावा नव्हता. गटाचा पै-पैचा हिशेब आम्ही लिहितो, समुद्राचा मात्र कधी लिहिला नाही.

म्हणून आता एक वेगळी वही केली आहे. तारीख, जागा, भरती की ओहोटी, काय दिसलं, किती दिसलं, सगळं त्यात लिहायचं. जमलं तर मोबाईलवर फोटो काढायचा. स्पंज उघड्या हाताने धरायचा नाही, काहींच्या बारीक काट्यांनी खाज सुटते. खडकावरचा तर उपटायचाच नाही.

नवी जात सापडेल की नाही, सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी कुणी पुरावा मागितला, तर आम्ही वही उघडून दाखवू. तुमच्या गटातही अशी वही सुरू करा.