गोष्ट कोण सांगतंय?



बक्षीस वितरण आणि त्यानंतरच्या नाटिका यांच्या मध्ये मी उभा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून थेट विषयावर येतो. मुलांनो, तुमच्या शाळेच्या हस्तलिखिताचं प्रकाशन आत्ताच झालं. त्यातल्या कथा मी दुपारी बसून वाचल्या. दहावीला उपयोजित लेखनात कथालेखन असतं, त्यामुळे कथानक, पात्र, वातावरण, संवाद हे शब्द तुम्हाला पाठ आहेत. त्यांच्या व्याख्याही तुम्ही घडाघडा म्हणून दाखवाल. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि गोष्ट सांगणाऱ्याने कुठे काय केलं हे ओळखता येणं वेगळं. त्या ओळखण्याबद्दल मला बोलायचंय.

त्यासाठी मोठं पुस्तक लागत नाही. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. हसू नका, ही फार पक्की बांधलेली गोष्ट आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा चिमणीच्या दारात येतो. आता जरा थांबून विचार करा. त्या दिवशी पाऊस न येता वैशाखातलं ऊन पडलं असतं तर? मेणाचं घर वितळलं असतं आणि दार ठोठावायची पाळी चिमणीवर आली असती. म्हणजे या गोष्टीत कोणाचं घर राहणार आणि कोणाचं जाणार, हे पावसाने ठरवलं. वातावरणनिर्मिती म्हणजे सुरुवातीला चार ओळी आभाळाचं वर्णन, असं समजून आपण लिहितो. इथे पाऊस काढला तर गोष्टच उरत नाही.

पुढे बघा. कावळा दार उघडायला सांगतो आणि चिमणी एकदाही नाही म्हणत नाही. ती दर वेळी एक काम पुढे करते. बाळाला आंघोळ घालायची आहे, मग अंग पुसायचं आहे, मग काजळ घालायचं आहे, मग झोपवायचं आहे. चिमणी सावध आहे, धोरणी आहे, असं गोष्टीत एकही वाक्य नाही. ते आपण तिच्या वागण्यावरून ठरवतो. पात्रचित्रण यालाच म्हणतात. आणि तेच ते मागणं, तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा मांडीवरचं पोर कंटाळत नाही, उलट आणखी जवळ सरकतं, कारण आता तरी दार उघडेल का, हे त्याला कळायला हवं असतं. पुनरावृत्तीतून उत्कंठा वाढते ती अशी. शेवट तर घरोघरी निराळा ऐकायला मिळतो. कुठे कावळा आत येऊन चुलीपाशी भाजतो, कुठे त्याला ऊब मिळते. तेवढ्या एका बदलाने चिमणी आपल्याला कठोर वाटते किंवा प्रेमळ वाटते. आधीचं सगळं कथानक मात्र तेच.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न यापुढचा आहे. ही गोष्ट आपण कुठे उभं राहून ऐकतो? आपण घराच्या आत असतो, चिमणीच्या बाळाजवळ. तीच गोष्ट कावळ्याने सांगितली तर? मग आपण बाहेर पावसात भिजत उभे असू. आतून आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत असेल आणि दार बंद असेल. प्रसंग एकही बदललेला नाही, तरी आपली सगळी माया बाजू बदलते. निवेदक बदलला की गोष्टीचा न्याय बदलतो. माझ्या मते कथेच्या सगळ्या घटकांत हाच पहिला शिकावा.

मराठीत याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. ही कादंबरी १९६७ साली आली. महाभारतातल्या कर्णाचं काय होणार, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नव्हतं? कथानकात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. सावंतांनी बोलणारी माणसं बदलली. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात. तान्हं मूल नदीत सोडणारी आई स्वतःच्या तोंडाने बोलू लागली की आपण तिला इतक्या सहज दोषी धरू शकत नाही. आणि कर्ण स्वतःचा मृत्यू कसा सांगणार? म्हणून अखेरचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी आहे. घरी असेल तर या नजरेने पुन्हा वाचा.

निवेदकाच्या निवडीचा दुसरा दाखला म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची कादंबरी 'बनगरवाडी'. माणदेशातलं धनगरांचं गाव आपल्याला सांगतो तो गावातला धनगर नाही, तिथे नेमणुकीवर आलेला तरुण मास्तर आहे. तो नवखा असल्यामुळे त्याच्यासारखंच आपल्यालाही एकेक माणूस हळूहळू कळत जातं. तिथली कोरडी जमीन पहिल्यापासून डोळ्यांसमोर असते, त्यामुळे शेवटी दुष्काळ येतो आणि गाव उठतं तेव्हा ते खोटं वाटत नाही.

तुमच्या हस्तलिखितातल्या बऱ्याच कथा 'मी'ने सुरू होतात आणि तात्पर्याने संपतात. परीक्षेत तात्पर्य मागितलं असेल तर जरूर लिहा, गुण सोडू नका. हस्तलिखितात मात्र ते गाळून बघा. वाचणाऱ्याला ते कळतं. आठवीतल्या एका मुलीने आजीच्या गावाकडच्या विहिरीची कथा लिहिली आहे. त्यात आजी तक्रार करत नाही, फक्त कळशी अर्धीच भरून घेते. त्या अर्ध्या कळशीत मला आजीचे दुखणारे गुडघेही दिसले आणि खाली गेलेलं पाणीही दिसलं. त्या मुलीचं मनापासून अभिनंदन.

शिक्षकांना एक विनंती. धड्यावर 'लेखकाला काय सांगायचे आहे' हा प्रश्न विचारता, त्याआधी 'हे कोण सांगतंय आणि कोणाला बोलू दिलेलं नाही' हे विचारा. वर्गात वाद होईल. तो होऊ द्या.

आणि मुलांनो, येत्या सुट्टीत घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गोष्ट ऐका. मग तीच गोष्ट, जे पात्र त्यात गप्प होतं त्याच्या तोंडून वहीत लिहून काढा. पुढच्या वर्षीच्या हस्तलिखितात अशा गोष्टींसाठी मुख्याध्यापिका बाईंनी काही पानं राखून ठेवावीत, एवढं मागून मी थांबतो.